पद्मिनीच्या इंजिनात कुठलं ऑइल घालू?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमच्याकडे १९९३ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नवी कोरी घेतली, तेव्हापासून एकाच घरात आहे. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, त्यामुळे गाडी मीच चालवते. आठवड्यातून दोन-तीनदा गावातल्या गावात मंडईपर्यंत, आणि वर्षातून तीन-चार वेळा चिपळूणला मावशीकडे.

बाबा कायम २०डब्ल्यू-४० घालायचे. त्यांचे जुने मिस्त्री थकले, गॅरेज बंद झालं. नव्या मिस्त्रींनी "इंजिन जुनं झालंय, आता जाड ऑइलच लागणार" म्हणत गेल्या वर्षी २०डब्ल्यू-५० घातलं. तेव्हापासून सकाळी गाडी चालू केली की टॅपेट जास्त वेळ वाजतात. पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर ऑइलचे थेंब पडतात. कुंभार्ली घाट उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा धूर येतो आणि थोड्या वेळानं थांबतो. ऑइलचा लाल दिवा मात्र कधी लागत नाही.

दुकानदार म्हणतो, फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-३० न्या. पुण्याचा भाचा म्हणतो, डब्यावर 'एसपी' लिहिलेलं असेल तेच घे, ते सगळ्यात नवं. दीर त्यांच्या टेम्पोत घालतात ते डिझेलचं ऑइल द्यायला तयार आहेत. मिस्त्री म्हणतात, एक ॲडिटिव्हची बाटली टाकून बघू, नाहीतर इंजिनच उतरवू. बाबांचा यातल्या कुणावरच विश्वास नाही. मी काय करू?

– एक वाचक, कराड

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. बाबांचं ऑइल बरोबर होतं. पुढच्या बदलीला २०डब्ल्यू-४० मिनरल (म्हणजे साधं, सिंथेटिक नसलेलं) घाला. गाडीसाठीचं चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-४० मिळालं नाही तर १५डब्ल्यू-४० घ्या. तुमच्या लहान-लहान फेऱ्यांना ते कदाचित जास्तच मानवेल. पण डबा विकत घेण्याआधी दोन कामं करून घ्या: टॅपेट सेट करणं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट जुळवणं) आणि ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारा, पाइप साफ करणं. कारण टॅपेट, थेंब आणि धूर या तुमच्या तीन तक्रारींपैकी ऑइलच्या ग्रेडशी थेट संबंध फक्त पहिलीचा आहे, तोही अर्धाच.

तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. जुन्या इंजिनाला जाड ऑइल, हे आपल्याकडे गॅरेजागणिक ऐकू येतं आणि त्यामागे खरं कारण आहे. बेअरिंग झिजली की त्यांच्यातली फट वाढते. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, त्या वाढलेल्या फटीतून लवकर निसटतं आणि ऑइलचा दाब कमी होतो. जाड ऑइल निसटायला वेळ लावतं, म्हणून दाब टिकतो. म्हणजे हा उपाय दाब कमी होणाऱ्या इंजिनासाठी आहे. इंजिनाचं वय हे काही त्याचं कारण नव्हे. बाबांनी वेळच्या वेळी ऑइल बदललेली १९९३ची गाडी आतून धडधाकट असू शकते, आणि हयगय झालेली दहा वर्षांची गाडी खिळखिळी असू शकते.

तुमचा लाल दिवा कधी लागत नाही ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. तो दिवा दाब बराच खाली गेल्यावरच लागतो. दाब नेमका मोजायचा तर दिव्याचा स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा, गाडी हायवेला चांगली तापवून आणायची, आणि स्लो रनिंगला व रेस दिल्यावर काटा कुठे राहतो ते बघायचं. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. कुठल्याही बऱ्या गॅरेजात थोड्या वेळात होणारं काम आहे. गरम इंजिनावर दाब खरंच कमी भरला तर २०डब्ल्यू-५० घालायला माझी काहीच हरकत नाही. न मोजता घालायला मात्र आहे.

आता टॅपेट का वाजतात ते बघू. डब्यावरच्या आकड्यांपैकी 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा (२०) थंडीतल्या घट्टपणाचा आणि नंतरचा (४० किंवा ५०) १०० अंश सेल्सियसला मोजलेल्या घट्टपणाचा. त्या तापमानाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (हे घट्टपणा मोजायचं एकक) दरम्यान असतं, ४०चं १२.५ ते १६.३, आणि ५०चं १६.३ ते २१.९. म्हणजे ४० आणि ५० यांत गरम असतानासुद्धा चांगलाच फरक आहे. तुम्ही म्हणाल, दोन्ही डब्यांवर आधीचा आकडा २०डब्ल्यूच आहे, मग सकाळच्या थंडीत फरक का पडावा? कारण २०डब्ल्यूची ती चाचणी उणे १५ अंशांच्या आसपासची असते. कराडची थंडी तिच्या जवळपासही जात नाही. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळी, दहा-पंधरा अंशांना, २०डब्ल्यू-५० हे २०डब्ल्यू-४० पेक्षा स्पष्टपणे घट्ट असतं. थंडीत बरणीतली काकवी कशी ओघळते ते तुमच्या भागात कुणाला सांगायला नको.

तुमच्या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन जुन्या पद्धतीचं आहे. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, आणि वर हेडवर रॉकर. ऑइलचा पंप अगदी खाली चेंबरमध्ये (ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात) बुडालेला, आणि रॉकर शाफ्ट सगळ्यात वर. गाडी रात्रभर उभी राहिली की वरचं ऑइल खाली उतरतं. सकाळी सेल्फ मारल्यावर ते पुन्हा वर चढेपर्यंत रॉकर कोरडे वाजतात. ऑइल जितकं घट्ट तितका हा वेळ जास्त. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. घट्ट ऑइलमुळे पंपाजवळ दाब एकदम वाढतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंच ऑइल वर न जाता परत चेंबरमध्येच पडतं. गेजवर दाब झकास दिसतो आणि वर मात्र ऑइल उशिरा पोचतं. इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते ती याच सुरुवातीच्या वेळात. तुमची गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच चालू होते आणि दरवेळी थंड असते, म्हणजे तिच्या आयुष्याचा फार मोठा भाग हीच अवस्था आहे. म्हणून मला ५० नंबर तुमच्या गाडीला नको वाटतो.

अर्धा दोष मात्र टॅपेट सेटिंगचा असेल. या इंजिनात आपोआप जुळवून घेणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. रॉकरवरच्या स्क्रूनं फट हातानं ठेवावी लागते. जुने मिस्त्री दर सर्व्हिसिंगला न सांगता करत असतील. नव्यांनी केलं का ते विचारा. थंड इंजिनावर, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. नुसत्या आवाजाच्या अंदाजानं स्क्रू फिरवू देऊ नका. आवाज अजिबात येऊ नये म्हणून फट फार आवळली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. थोडा टिकटिक आवाज या इंजिनाचा स्वभावच आहे, तो राहू द्या.

फरशीवरच्या थेंबांचं कारण शोधायचं तर आधी इंजिन बाहेरून धुऊन, पुसून कोरडं करा आणि एक फेरी मारून आल्यावर कुठे ओलं झालंय ते बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कॉर्कचं असतं. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतं, आकसतं, आणि मग मिस्त्री नट आणखी आवळतात, त्यानं पत्र्याचं कव्हरच वाकतं. नवं पॅकिंग बसवायच्या आधी कव्हरची कड सपाट आहे का ते बघायला सांगा. दुसरी जागा म्हणजे चेंबरचा ड्रेन बोल्ट. त्याखालचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा हवा. तिसरी ब्रीदर. इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली झिरपतोच, आणि तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. तो काळ्या चिकट मळीनं तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. चांगली पॅकिंगसुद्धा मग गळतात. पाइप काढून रॉकेलनं धुतला, वाळवला आणि परत लावला की झालं. इतकं साधं काम, पण ते न करता महागडं ऑइल आणि सीलंट यांवर पैसे घालवलेले मी पाहिलेत, म्हणून आग्रहानं सांगतो.

धुराचं वर्णन तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की निदान जवळजवळ तुमच्याच पत्रात आहे. घाट उतरताना तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला असतो, गाडी गिअरमध्ये असते. थ्रॉटल बंद असल्यानं सिलिंडर आत ओढत राहतो, आणि व्हॉल्व्ह गाइड झिजले असतील किंवा त्यांचे सील कडक झाले असतील तर वरचं ऑइल त्यांच्या कडेनं खाली ओढलं जातं. पायथ्याशी तुम्ही ॲक्सिलरेटर देता तेव्हा ते साठलेलं ऑइल जळतं, निळा लोट निघतो आणि संपतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर घाट चढतानाही, पूर्ण ताकद लावताना, धूर सतत मागे राहिला असता. तसं तुम्ही लिहिलेलं नाही. चिपळूणहून परत येताना, घाट चढताना, आरशात एकदा मुद्दाम बघा आणि खात्री करा.

आता ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्यांच्याकडे येतो.

दुकानदाराचं ५डब्ल्यू-३० नको. ते ऑइल वाईट नाही, ज्या इंजिनांसाठी केलं आहे त्यांना उत्तमच आहे. त्या इंजिनांतल्या फटी बारीक, पंप त्या हिशेबाचा, आणि इंधन वाचवणं हा मुख्य हेतू. तुमचं इंजिन ज्या काळातलं आहे त्या काळी आपल्याकडे २०डब्ल्यू-४० सर्रास होतं आणि बेअरिंगच्या फटी ऑइलच्या त्याच जाडीच्या पडद्याचा विचार करून ठेवलेल्या होत्या. मे महिन्यात एसटीमागे रांगेत घाट चढताना ३० ग्रेडचा पडदा फार पातळ होईल. ५डब्ल्यूचा खरा फायदा कडाक्याच्या थंडीत, आणि तो आपल्याला लागत नाही. सिंथेटिकनं जुने सील फुटतात असं मात्र समजू नका. आजची सिंथेटिक ऑइलं सील खात नाहीत. होतं ते असं: जुन्या इंजिनात साठलेली मळी चांगल्या डिटर्जंटच्या ऑइलनं सुटते आणि त्या मळीनं झाकलेली गळती उघडी पडते. दोष आधीपासूनचाच, नाव ऑइलचं होतं. तुमच्या वापराला सिंथेटिकचे जादा पैसे घालण्याची गरज नाही, इतकाच माझा मुद्दा. तेच पैसे ऑइल वेळेवर बदलण्यावर घाला.

भाच्याचं निम्मं बरोबर आहे. डब्यावर 'एपीआय' (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) लिहिलेला गोल शिक्का असतो. त्यात 'एस'नं सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनाची, 'सी'नं सुरू होणारी डिझेलची. 'एस'नंतरचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: एसएफ १९८० सालचा, एसएल २००१चा, एसएन २०१०चा आणि एसपी २०२०चा. जुन्या गाडीला नव्या दर्जाचं ऑइल चालतं. पण तुमच्या इंजिनात एक बारीक गोष्ट सांभाळायची आहे. कॅमचा उंचवटा टॅपेटच्या सपाट तळावर घासत सरकतो, आणि तिथे धातूला धातू लागू न देण्याचं काम ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग करतं. फॉस्फरसनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरकडे जाणारा धूर कमी विषारी करणारा भाग) खराब होतो, म्हणून नव्या दर्जांच्या पातळ ऑइलमध्ये, म्हणजे ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० यांसारख्यांत, फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशा जाड ग्रेडना ही मर्यादा लागू नाही. तुमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. चार महानगरांतसुद्धा नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५पासून. तेव्हा ४० ग्रेडचं ऑइल घेतलंत की जस्ताची काळजी बहुतेक मिटतेच. परदेशी व्हिडिओंमध्ये जस्तावरून जो गहजब चालतो तो बराचसा कडक स्प्रिंगा आणि उंच कॅम बसवलेल्या शर्यतीच्या इंजिनांबद्दल असतो. पद्मिनीच्या स्प्रिंगा साध्या असतात. वेगळी जस्ताची बाटली आणू नका.

दिरांचा सल्ला ऐकून बाकी सगळे हसले असतील, पण मला तो दुकानदारापेक्षा बरा वाटतो. टेम्पोचं १५डब्ल्यू-४० ऑइल घ्या आणि डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ वेळा तिथे 'सीआय-४' किंवा 'सीआय-४ प्लस' याच्या शेजारी 'एसएल' असंही लिहिलेलं असतं. म्हणजे ते पेट्रोल इंजिनाच्या चाचण्याही उत्तीर्ण झालेलं आहे. अशा ऑइलमध्ये झीज रोखणारं संयुग भरपूर आणि डिटर्जंटही भरपूर. दोन्ही अक्षरं असतील तर ते घालायला हरकत नाही. फक्त 'सी' असेल तर राहू द्या. आणि दिरांकडून अर्धा उघडा डबा घेऊ नका. उघड्या डब्यात पावसाळ्याची ओल शिरते.

ॲडिटिव्हच्या बाटलीला स्पष्ट नाही. चांगल्या ऑइलमध्ये जे लागतं ते तोलून-मापून घातलेलं असतं. वरून ओतलेलं त्या मिश्रणाशी कसं वागेल याची जबाबदारी कुणीच घेत नाही. पुष्कळ बाटल्यांत नुसता ऑइल घट्ट करणारा पदार्थ असतो. मग आपण पुन्हा ५०च्या, त्याच्याही पुढच्या, जाडीला जाऊन पोचतो. इंजिन फ्लशही नको, आणि चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन फिरवण्याची जुनी पद्धत तर अजिबात नको. डिझेलचा पडदा बेअरिंग सांभाळू शकत नाही, आणि एकदम सुटलेल्या मळीचे खवले पंपाच्या जाळीवर जाऊन बसले तर वर ऑइल जाणंच थांबतं. आतली मळी काढायची तर सावकाश काढा: आता नवं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, दीड-दोन हजार किलोमीटरनं, किंवा तितकं चालणं झालं नाही तर सहा महिन्यांनी, दोन्ही पुन्हा बदला. त्यानंतर नेहमीचा क्रम.

नेहमीचा क्रम म्हणजे पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमच्या बाबतीत वर्षच आधी होणार. "चाललीच कुठे गाडी, ऑइल नवंच आहे" हा हिशेब इथे चुकतो. मंडईपर्यंतच्या फेरीत इंजिनातलं पाणी तापतं, काटा मध्यावर येतो, पण ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ थंड इंजिनात पाणी होऊन ऑइलमध्ये उतरते आणि ते तापलं नाही तर तिथेच राहते. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला बघा. पिवळट पांढरी साय दिसली तर ती हीच ओल. झाकणावर थोडी असेल तर घाबरू नका. तीच साय ऑइलच्या पट्टीवर दिसली आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावं लागेल. उपाय म्हणून पंधरवड्यातून एकदा बाबांना शेजारी बसवून हायवेनं उंब्रजपर्यंत जाऊन या. अर्धा-पाऊण तास सलग चालली की ऑइल तापतं आणि ओल उडून जाते. वार्षिक बदली पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला गाडी धुवून हार घालता त्या सुमारास करा, म्हणजे चार महिन्यांची ओल इंजिनात बसून राहत नाही.

पट्टी काढलीत की तिचा वासही घ्या. हे मी प्रत्येक कार्ब्युरेटरवाल्या गाडीच्या मालकाला सांगतो. तुमच्या गाडीचा पेट्रोल वर ओढणारा पंप (गॅरेजात त्याला 'एसी पंप' म्हणतात) इंजिनाच्या अंगालाच बसवलेला आहे आणि त्याच्या आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, आहे. तो फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये गळतं. ऑइलची पातळी न भरता वाढते, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, वासावरून लगेच कळतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि १९९३ सालच्या गाडीची रबरं त्या मिश्रणासाठी केलेली नव्हती. डायफ्रॅम आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून घ्या. पातळी अचानक वाढलेली दिसली तर गाडी चालवू नका, सेल्फही मारू नका. तसं ऑइल कितीही भारी कंपनीचं असलं तरी बेअरिंग वाचवणार नाही.

ऑइल बदलताना समोर उभ्या राहा. इंजिन तापलेलं हवं, गाडी सपाट जागी हवी, बोल्ट काढल्यावर शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबायला हवं. नवं ऑइल एकदम डबाभर ओतू नका. थोडं कमी भरून, इंजिन मिनिटभर चालवून, बंद करून, पाच-दहा मिनिटांनी पट्टी बघत पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा. वरच्या खुणेच्या पुढे नको. ऑइल जास्त झालं की क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो आणि गळती वाढते. निघालेलं जळकं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. गॅरेजवाल्याला अधिकृत गोळा करणाऱ्यांकडे द्यायला सांगा. गावाकडे वाळवीसाठी ते लाकडांना फासतात, तेही नको. त्यात जड धातू असतात आणि पावसाबरोबर ते विहिरीकडे जातात.

खरेदीचं थोडक्यात. सर्व्हो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, वीडॉल, यांतलं जे खात्रीनं अस्सल मिळेल ते. नावावरून मी फार फरक करणार नाही. कंपनीच्या पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, सील स्वतः फोडा, पावती घ्या, आणि रिकामा डबा कापून टाका, म्हणजे तो भेसळवाल्याच्या हाती पडत नाही. २०डब्ल्यू-४० मागितलं की दुकानदार पुष्कळदा मोटारसायकलचा डबा पुढे करतात, त्यावर '४टी' असं असतं. ते ओल्या क्लचच्या, म्हणजे क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या, गाड्यांसाठी बनवलेलं असतं. तुम्ही कारसाठी लिहिलेलंच मागा. '२टी' लिहिलेलं तर चुकूनही नको, ते पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचं ऑइल आहे.

राहिला इंजिन उतरवायचा प्रश्न. आत्ता नाही. आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब भरतो त्याची मोजणी, करून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडवलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि बॅटरी चार्ज असलेली. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहा. जो सिलिंडर कमी भरेल त्यात प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण त्या ऑइलनं रिंगांची फट तेवढ्यापुरती भरली. आकडा जागचा हलला नाही तर दोष वर व्हॉल्व्हमध्ये आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी भरत असतील तर हेड गॅस्केट. तुमच्या धुरावरून मला व्हॉल्व्ह गाइडचा संशय जास्त आहे. गाइड झिजूनही कॉम्प्रेशन शाबूत राहू शकतं. तेव्हा चारही आकडे जवळपास सारखे आणि चांगले आले तर खालचं इंजिन ठीक आहे असं धरा. मग फार तर हेड उतरवून गाइड आणि सील बदलावे लागतील. त्यासाठी इंजिन गाडीतून बाहेर काढायची गरज नाही, खर्चही बोरिंग-पिस्टनच्या कामाच्या मानानं पुष्कळ कमी येतो. आणि दोन ऑइल बदलींमध्ये वरून अर्धा-एक लिटरच घालावं लागत असेल तर तेही काम यंदा थांबू शकतं. पट्टी आठवड्याला बघत राहा आणि कमी झालं तितकं तेच ऑइल भरत राहा.